रंग मारून देतो

नव्या घराचा ताबा बहुतेक वेळा कोरड्या दिवसांत मिळतो. दसऱ्याला नाहीतर गुढीपाडव्याला किल्ली घ्यायची, दाराला तोरण बांधायचं, दूध उतू घालायचं, हा बिल्डर आणि ग्राहक दोघांनाही सोयीचा रिवाज. त्या दिवशी भिंती गुळगुळीत असतात, लाद्या चकचकत असतात आणि बाथरूममध्ये अजून कुणी एक बादलीही ओतलेली नसते. नव्या इमारतीतल्या तक्रारींचा मोठा हिस्सा पाण्याचा असतो आणि पाण्याने त्या घराला अजून हातच लावलेला नसतो.

तो हात लागतो जूनमध्ये. नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो तो पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर. मुंबई, ठाणे, कोकणात हे जास्त. पण पुण्यातल्या विसाव्या मजल्यावरच्या माणसालाही विचारून बघा. विक्रीच्या वेळी 'वेस्ट ओपन, भरपूर वारा' म्हणून जिचे चार पैसे जास्त मोजले, त्याच खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पहिला पिवळट डाग उमटतो. तक्रार गेली की साइटवरून सुपरवायझर येतो, डागावर तळवा टेकवतो, मान हलवतो आणि म्हणतो, "काही नाही साहेब, पाऊस संपू द्या. रंग मारून देतो."

तो खोटं बोलत नसतो. ऑक्टोबरमध्ये रंगारी येतो, पापुद्रा खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारून जातो. भिंत नवी दिसते. पुढच्या जुलैत डाग त्याच जागी, थोडा मोठा. आता साइटवरचा सुपरवायझर बदललेला असतो, जुना दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो आणि नवा म्हणतो, "माझ्याकडे नोंद नाही, पण बघू. रंग मारून देऊ."

हे प्रकरण त्या वाक्याबद्दल आहे, कारण घराच्या दोषांसाठी कायद्याने दिलेली मुदत याच वाक्यात विरघळून जाते.

मुदत काय आहे ते आधी पाहू. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे ज्याला सगळे रेरा म्हणतात, त्याच्या कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमात ती आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवासुविधा यांतला कोणताही दोष विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत, वेगळा पैसा न घेता, दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर ग्राहकाला भरपाईचा हक्क. हे कलम १ मे २०१७ पासून लागू झालं. महाराष्ट्रात त्याआधीही अगदीच अंधार नव्हता. १९६३ च्या मोफा कायद्यातल्या कलम ७ मध्ये तीन वर्षांची अशीच तरतूद होती, फक्त तिच्या वाटेला फारसं कुणी जात नसे.

पाच वर्षं म्हणजे आपल्याकडे पाच पावसाळे. दर दिवाळीला एक हात रंग असा हिशेब धरला, तर पाचव्या हाताबरोबर विकासकाची जबाबदारी संपते आणि गळती जिथल्या तिथे राहते. म्हणून कलमातले दोन शब्द नीट धरून ठेवायला हवेत. दुरुस्त करायचा आहे तो 'दोष', डाग नव्हे. आणि तो पाच वर्षांच्या आत 'नजरेस आणून' द्यायचा आहे. म्हणजे त्याला तारीख हवी आणि पुरावा हवा. सुपरवायझरने भिंतीवर तळवा टेकवला, याला तारीख नसते.

दोष शोधायचा म्हणजे पाण्याची वाट शोधायची. हे काम इंजिनिअरचं, हे खरं. पण इंजिनिअर येईल तेव्हा तो तासभर थांबेल. घरात चोवीस तास तुम्ही असता. तुम्ही नोंद केली तर त्याचं निम्मं काम होतं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दहा दिवसांनी डाग रेघेबाहेर आला असेल, तर नवी रेघ, नवी तारीख. फोटो काढताना बाजूला टेप धरा. नव्या भिंतीवर पेन्सिल चालवायला जीवावर येतं, पण तिच्याइतकी स्वस्त आणि नाकारायला अवघड साक्ष दुसरी नाही. कोणत्या दिवशी डाग वाढला आणि त्या दिवशी काय झालं होतं, एवढ्या दोन गोष्टींवर बरंच काही उलगडतं.

डाग फक्त पावसात वाढत असेल आणि उघडीप पडली की आठवड्याभरात सुकत असेल, तर पाणी बाहेरून येतंय. बाहेरचं प्लास्टर, खिडकीची चौकट, वरच्या मजल्याचा छज्जा, ड्राय बाल्कनीतून जाणाऱ्या पाइपांची भोकं, यांपैकी काहीतरी. पावसाशी काही देणंघेणं नाही, मे महिन्यातही ओल तशीच, असं असेल तर आतली नळाची लाइन गळतेय. तिच्यात दाब कायम असतो म्हणून ओलही कायम असते. सकाळी नऊच्या सुमारास ओल ताजी आणि दुपारपर्यंत फिकी, तर आंघोळीचं पाणी. मग प्रश्न बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा किंवा नहाणी ट्रॅपच्या सांध्याचा. छताला डाग असेल तर वरच्यांची बाथरूम. भिंतीला, तीही जमिनीलगत असेल, तर बहुतेक तुमचीच.

या नहाणी ट्रॅपवर जरा थांबायला हवं, कारण नव्या घरांतल्या अनेक भांडणांचं मूळ या वीतभर वस्तूत असतं. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात आधी वॉटरप्रूफिंगचा थर, मग पाइप, मग विटांचे तुकडे पसरून वर कोबा, आणि त्यावर लादी. पाणी लादीवरून ट्रॅपमध्ये जातं, हे दिसतं. लादीच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली कोब्यातही उतरतं, हे दिसत नाही. ते उतरणारच, ग्राऊट काही काच नव्हे. म्हणून खालचा थर ट्रॅपच्या गळ्यापर्यंत नीट चढवलेला असावा लागतो. प्रत्यक्षात प्लंबर ट्रॅप बसवून जातो, वॉटरप्रूफिंगवाला नंतर येतो, लादीवाला त्याच्या मागून. तिघांची कंत्राटं वेगळी. ट्रॅपच्या गळ्याभोवतीची ती बोटभर जागा तिघांपैकी कुणाचीच नसते. कोबा पाण्याने भरतो, मग ते शेजारच्या बेडरूमच्या भिंतीतून डोकं काढतं. बेडरूमची भिंत रंगवून या पाण्याचं काय होणार?

त्यातून आजकाल आतून बऱ्याच ठिकाणी जिप्समचं प्लास्टर असतं. ते पटकन होतं, गुळगुळीत दिसतं, त्याला पाणी मारत बसावं लागत नाही. पण ओल लागली की ते फुगतं आणि भुगा होऊन गळतं. सिमेंटच्या प्लास्टरवर लोणा फुटायला महिने लागतात. जिप्सम पंधरा दिवसांत सांगून टाकतं. एका अर्थी हे ग्राहकाच्या फायद्याचंच.

खात्री करायची तर पाणी भरून बघण्याला पर्याय नाही. ट्रॅपच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, दारात सिमेंटची किंवा मातीची छोटी आड घालायची आणि दोन-एक इंच पाणी किमान २४ तास, शक्यतो ४८ तास तुंबवून ठेवायचं. खालच्यांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर निराळंच भांडण सुरू होतं. पाण्यात थोडा खायचा रंग टाकला, तर खाली उतरलेलं पाणी कुठलं यावर वाद राहत नाही. ताबा घेण्याआधी ही चाचणी मागितली तर चांगला बिल्डर नाही म्हणत नाही; त्याच्या स्वतःच्या दर्जा तपासणीत ती असतेच. ज्याच्याकडे नसते, तो "एवढं कुणी करत नाही मॅडम" म्हणतो. त्याच्या घरात तर ती करायलाच हवी.

खिडकीचं कोडं त्यामानाने सोपं. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. काम चालू असताना ती सिमेंटच्या लगद्याने किंवा सिलिकॉनने बुजतात. एक तांब्या पाणी त्या पट्टीत ओता. पाणी बाहेर गेलं तर ठीक. आत, कट्ट्यावर आलं तर पुढच्या पावसात काय होणार ते कळलं. कट्ट्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूला ढाळ आहे ना, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडावं म्हणून खाच आहे ना, हेही बघा. ही खाच नसली की पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि भिंतीत शिरतं. दहा मिनिटांचं काम वाचवलेलं असतं. पुढे त्यासाठी बाहेरून झोपाळा लावून माणूस उतरवावा लागतो.

आता तक्रार कशी लिहायची. "हॉलची भिंत खराब झाली आहे, कृपया लवकरात लवकर दुरुस्त करावी," असं लिहिलं की रंगारीच येणार, कारण मागणीच रंगाची आहे. त्याऐवजी असं लिहून बघा: "सदनिका क्र. अमुक. ताबा दि. १५ ऑक्टोबर २०२१. मुख्य बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात दि. २ जुलैपासून ओल येत आहे. आज तिची लांबी ७० सें.मी., उंची ४० सें.मी. आहे, फोटो सोबत. पाऊस थांबल्यावर ओल कमी होते, त्यामुळे पाणी बाहेरून येत असावे. कारण शोधून मूळ दोष कलम १४(३) नुसार ३० दिवसांत दुरुस्त करावा. आतून केवळ पुट्टी व रंग केल्यास तो दोषनिवारण समजला जाणार नाही. काय दुरुस्ती करणार आहात, ते काम सुरू करण्याआधी लेखी कळवावे." शेवटची दोन वाक्यं सगळ्यात कामाची. ईमेलने पाठवा आणि करारात बिल्डरचा जो पत्ता आहे त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप हा गाऱ्हाणी सांगायला उत्तम आहे. नोटीस द्यायला नाही.

मोठ्या बिल्डरांकडे हल्ली अॅप असतं. त्यात तक्रार टाकली की नंबर मिळतो, माणूस येतो, बघून जातो आणि संध्याकाळी अॅपवर तक्रार 'क्लोज्ड' दिसते. ती लगेच पुन्हा उघडा, आणि ते 'क्लोज्ड'चं चित्रही जपून ठेवा. पुढे सुनावणीची वेळ आलीच, तर एकच तक्रार चार वेळा बंद झालेली दाखवणं हे चार पानी निवेदनापेक्षा परिणामकारक असतं. आणि काम झाल्याच्या कागदावर सही करताना 'पुढील पावसाळ्यात तपासणीच्या अधीन' असे शब्द हाताने लिहून मग सही करा. जानेवारीत केलेली गळतीची दुरुस्ती जानेवारीत कुणाला तपासता येते?

हे सगळं ताबा घेतल्यानंतरचं. त्याआधीची एक जागा मात्र फार मोलाची आहे आणि ती आपण उत्साहात घालवतो. महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारात पैशांचे टप्पे ठरवून दिले आहेत. जोत्यापर्यंत ४५ टक्के, स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के असं करत करत ताब्याच्या वेळी, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर, द्यायचे उरतात फक्त पाच टक्के. म्हणजे लाद्या, नळ, दारं, वॉटरप्रूफिंग हे सगळं जेव्हा प्रथम नीट बघायला मिळतं, तेव्हा तुमच्या हातात ९५ टक्के दिल्यानंतरचे पाच टक्के असतात. बिल्डरच्या दृष्टीने तेवढेच अडकलेले असतात, त्यामुळे ते पाच टक्के आणि ताबापत्रावरची तुमची सही यांना त्या दिवशी जी किंमत असते, ती नंतर कधीच नसते. याचा अर्थ पैसे अडवून बसा असा नाही. विलंबाचं व्याज करारात असतं आणि ते तुमच्यावर चढू शकतं. अर्थ एवढाच की किल्ली घ्यायच्या दिवशी सहकुटुंब मुहूर्तावर जाण्याआधी एकदा एकट्याने, दुपारच्या उजेडात, टेप, टॉर्च आणि एक नाणं घेऊन जावं.

नाणं लाद्यांसाठी. प्रत्येक लादीच्या मध्यावर आणि चार कोपऱ्यांवर टकटक करायचं. भरीव आवाज आला तर खाली माल नीट बसलाय. पोकळ आला तर खाली हवा आहे. वर फ्रिजचा पाय किंवा पडलेलं वरवंट्याचं टोक आलं की ती तडकणार. पोकळ लाद्यांवर खडूने फुली मारायची. एका खोलीत दोन-चार निघाल्या तर समजण्यासारखं आहे. अर्धी खोली फुल्यांनी भरली, तर लादी बदलून भागणार नाही, माल पुन्हा घालायला लागेल. खोलीचे कोपरे काटकोनात आहेत का, हे दोन कर्ण मोजून कळतं. दोन्ही सारखे असले पाहिजेत. हे आत्ता बघितलं नाही, तर मॉड्युलर किचनवाला आल्यावर कळतं, आणि तो फटीत पट्टी मारून मोकळा होतो. विजेच्या पेटीत आरसीसीबी असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की वीज तुटायलाच हवी. नाही तुटली तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ते आधी करून घ्या. भिंत ओली राहिली तर जीव जात नाही.

ताबापत्रात बहुधा छापलेलं असतं की घर तपासून समाधानाने ताब्यात घेतलं, काही तक्रार नाही. त्याखाली 'सोबतच्या यादीतील त्रुटी दुरुस्त करून देण्याच्या अटीवर' असं लिहून यादी जोडावी. नाही लिहिलं म्हणून पाच वर्षांचा हक्क बुडत नाही. पण फुटलेलं बेसिन तुम्ही फोडलं की आधीच फुटलेलं होतं, हा वाद तरी टळतो.

आणि मग इंटिरियरवाले येतात. इथे बिल्डरला आयती सबब मिळते. अनेक करारांत अट असते की बाथरूम, स्वयंपाकघर, नळ, ड्रेनेज यांत परवानगीशिवाय बदल केला तर दोषाची जबाबदारी संपली. बाथरूमच्या नव्याकोऱ्या लाद्या फोडून आपल्या पसंतीच्या बसवायच्या आणि मग खालच्या मजल्यावर गळती झाली की बिल्डरला बोलवायचं, हे जमत नाही. बदल करायचाच असेल तर लेखी परवानगी घ्या, फोडण्याआधी पाणी तुंबवून चाचणी करा, तिचा व्हिडिओ ठेवा. एरवी या अटीचा बाऊही करू नये. बाथरूमला हात लावला म्हणून पश्चिमेच्या भिंतीची ओल माफ होत नाही, आणि कायद्याने दिलेली जबाबदारी करारातल्या एका ओळीने पुसता येत नाही.

भेगांबद्दल लोक पाण्यापेक्षा जास्त घाबरतात, आणि तिथे बरेचदा घाबरायचं कारण नसतं. नवी इमारत सुकत असते. प्लास्टर आकसतं, हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती आकसतात. ब्लॉक ओले असतानाच रचले असतील तर जरा जास्तच. काँक्रीटचा बीम आणि त्याखालची भिंत उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून दोघांच्या सांध्यावर सरळ आडवी भेग येते. त्या सांध्यावर प्लास्टर करण्याआधी जाळी ठोकायची असते. भेग आली म्हणजे जाळी विसरली किंवा अर्धवट लावली. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताखाली अशी भेग हमखास येते, कारण गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून पसरतो आणि रात्री आखडतो. भारतीय मानक ब्युरोच्या भेगांवरच्या पुस्तिकेत, एसपी २५ मध्ये, एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटर मध्यम आणि त्यापुढची रुंद मानली आहे. घरात मोजायला एटीएम कार्ड चालतं. ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. भेगेत शिरलं नाही तर तूर्त नुसती तारीख लिहून ठेवा.

भिंतीतल्या भेगेला दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, मग एकदाच व्ही आकारात खरवडून, जाळी लावून, भरून घ्यावी. लगेच भरली तर पुन्हा फुटते. इथे बिल्डर "थांबा" म्हणाला तर तो बरोबर असू शकतो, फक्त ते लेखी म्हणायला लावा.

बीम, कॉलम किंवा स्लॅबमधली भेग मात्र निराळी जात. तिरकी जाणारी, वाढत जाणारी, जिच्या कडेने गंजाचा तांबूस ओघळ दिसतो अशी भेग असेल, तर रंगारी, सुपरवायझर सगळे बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा, आणि तो बिल्डरचा नको. तो काँक्रीटवर हातोडीसारखं यंत्र मारून पृष्ठभागाची कठीणता बघेल, अल्ट्रासाऊंडने आत पोकळी आहे का ते बघेल, शंका आली तर गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवेल. क्लोराइड किती आहे हेही तपासायला सांगा. क्लोराइड आलं की सळई आतून गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. काँक्रीटमध्ये आणि पाणी मारायला कुठलं पाणी वापरलं, हा प्रश्न म्हणूनच चैनीचा नाही. गुरुग्राममध्ये सेक्टर १०९ मधल्या एका निवासी संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी सहाव्या मजल्यावरच्या घराचा स्लॅब कोसळला, तो खालचे मजले घेऊन गेला आणि त्यात दोन महिलांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळलं, दुरुस्ती व्यवहार्य नाही असा निष्कर्ष निघाला आणि राहती इमारत पाडायची वेळ आली. तिथेही आधी गंजाच्या तक्रारी झाल्या होत्या आणि डागडुजी चालू होती.

बिल्डरने ३० दिवसांत काही केलं नाही, किंवा केलं ते रंगाच्या पलीकडे गेलं नाही, तर पुढे काय? रेराच्या कलम ३१ खाली महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क पाच हजार रुपये. वकील लागतोच असं नाही, पण कागद लावून द्यायला जाणता माणूस असावा. तिथे दोन निरनिराळ्या मागण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. दोष दुरुस्त करून द्या, हा आदेश प्राधिकरण देतं. भरपाई किती, हे न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो, वेगळ्या अर्जावर. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात ही विभागणी स्पष्ट केली. तक्रारीच्या आधीची पायरी म्हणून महारेराचा सलोखा मंच आहे. त्यात ग्राहक संघटनेचा एक आणि विकासकांच्या संघटनेचा एक असे दोघे बसतात आणि समेट घडवून आणायचा प्रयत्न करतात. गळतीच्या प्रकरणांना माझ्या मते हीच जागा बरी, कारण इथे 'किती रुपये' याऐवजी 'कोण माणूस, कोणत्या तारखेला, काय काम' यावर बोलणी होऊ शकतात.

ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे. घर बांधून देणं ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं, आणि रेरा आल्यावरही हा मार्ग बंद झाला नाही, हे २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग.

बिल्डर अपिलात गेला तर त्याला ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते, ही रेरातली फार उपयोगी तरतूद. पैसे दिलेच नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. महारेरा वसुली वॉरंट काढतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. इथवर कायदा दणकट आहे. पुढे ते तहसील कचेरीत इतर वसुल्यांच्या ढिगात पडतं, आणि त्या ढिगाचा वेग सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी तरी आधी दुरुस्तीच्या मागे लागेन, भरपाई नंतर.

एक गोष्ट सोसायटीच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा ऐकू येते: "आता सोसायटी झाली, कन्व्हेयन्स झालं, तुमचं तुम्ही बघा." साफ चूक. कलम ११ मध्येच लिहिलंय की खरेदीखत झाल्यावरही त्या पाच वर्षांपुरती दोषाची जबाबदारी विकासकाकडेच राहते. पहिल्या मालकाकडून तिसऱ्या वर्षी घर विकत घेतलेल्यालाही उरलेली दोन वर्षं मिळतात, कारण रेराच्या व्याख्येत पुढचा खरेदीदारही येतो. भाडेकरू येत नाही. बाहेरच्या भिंती, गच्ची, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या यांची तक्रार सोसायटीने एकत्र करावी. बाराव्या मजल्यावरच्या एकट्याच्या खिडकीसाठी बिल्डर बाहेरून झोपाळा लावणार नाही; एकाच रांगेतल्या नऊ घरांची यादी गेली की लावेल. सोसायटीने ताबा घेताना नकाशे, प्लंबिंग आणि वायरिंगचे आराखडे, लिफ्टची आणि वॉटरप्रूफिंगची हमीपत्रं मागून घ्यावीत. हे कागद देणं विकासकाला कलम १७ ने बंधनकारक आहे. पाइप कुठून गेलाय हे ठाऊक नसलं की प्लंबर अंदाजाने भिंत फोडत सुटतो.

राहिला वरच्या मजल्यावरच्यांचा प्रश्न. तुमच्या छताला डाग आहे, दोष बिल्डरचा आहे, पण काम त्यांच्या बाथरूममध्ये करायचं आहे. ते म्हणतात, "आमच्याकडे काहीच होत नाही हो, आणि आत्ताच तर टाइल्स बसवल्या." खरंच त्यांच्याकडे काही होत नसतं, पाणी वर चढत नाही. कायद्याची भाषा इथे सुरुवातीला काढू नये. काम किती दिवसांचं, लादी फुटली तर तशीच कोण आणून देणार, त्या दिवसांत त्यांनी आंघोळ कुठे करायची, हे बिल्डरकडून लिहून घेऊन वरच्या काकूंच्या हातात दिलं आणि तेवढे दिवस आपली बाथरूम देऊ केली, की बहुतेक दारं उघडतात. चावी शेजारी ठेवून ते गावाला जाणार असतील, तर कामाची तारीख तीच धरा.

पाचवा पावसाळा वेगळा. १५ ऑक्टोबर २०२१ ला ताबा मिळालेल्या घराची मुदत ऑक्टोबर २०२६ च्या मध्याला संपते, म्हणजे शेवटचा पाऊस पडून जेमतेम पंधरवडा होतो. त्या वर्षी जुलैच्या शेवटीच सोसायटीने स्वतंत्र इंजिनिअर बोलावून गच्ची, बाहेरच्या भिंती, तळघरातलं पार्किंग, टाक्या आणि तक्रार असलेली सगळी घरं बघून घ्यावीत. आधीच्या वर्षांत रंग मारून मिटवलेल्या जागा त्याला मुद्दाम दाखवाव्यात. त्या बाहेरून कोरड्या दिसत असल्या, तरी ओल मोजायच्या यंत्राचा काटा हलतो. अहवाल फोटोंसह, घर क्रमांकांसह, ऑगस्टच्या सुरुवातीलाच बिल्डरला नोटिशीसोबत पोचला पाहिजे. म्हणजे दिलेले ३० दिवस पावसातच संपतात आणि काम झालं की नाही हे बघायला सप्टेंबरच्या चार सरी हाताशी राहतात.